सशाचं नाणं

१५ रबिलाखर

आजपासून वही सुरू. दिवसभर सगळं उलटं कोरायचं, उजवीकडचं डावीकडे आणि डावीकडचं उजवीकडे. संध्याकाळी चार ओळी सुलट लिहिल्या की डोकं जागेवर येतं. बायको शहरबानूचं म्हणणं, "डोकं जागेवर यायला वही कशाला, जरा गप्प बसा." तिचं हे नेहमीचंच.

लिहावं असं आज घडलंही आहे. आमच्या टांकसाळीचे मुख्य मिर्झा हिदायत यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. खानसाहेबांचा हुकूम आला आहे. या नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या दिवशी, तांब्याचं नाणं बदलायचं. चांदीची अब्बासी बादशहांची, तिच्यावर त्यांचं नाव, तिला हात लावायची कोणाची छाती नाही. पण तांब्याची काझबेगी ज्या त्या गावाची. तिच्यावर जनावर असतं, आणि खानाच्या मनात आलं की नवरोजच्या सकाळी दवंडी पिटते: आजपासून नवं जनावर. जुनं नाणं त्याच घटकेला निम्म्या किमतीचं होतं. लोक ते निम्म्या भावाने टांकसाळीत आणून ओततात, आम्ही तेच तापवून वर नवं जनावर ठोकतो आणि पुऱ्या भावाने परत देतो. मधलं निम्मं खानाचं. कोणत्या वर्षी बदल होणार हे आधी कळलं तर लोक जुनं तांबं आधीच खपवून मोकळे होतील, म्हणून हे गुपित. खान, मिर्झा आणि मी, तिघांनाच माहीत.

"जनावर कोणतं?" मी विचारलं.

"ससा," मिर्झा म्हणाले. "आणि उस्ताद, तोंडाला कुलूप."

मला हे सांगायची गरज नव्हती. चार वेळा नाणं बदललं, चारही ठसे माझे, एकदाही माझ्या तोंडून अवाक्षर गेलं नाही. इतकंच काय, घरातल्या तांब्याच्या नाण्यांच्या हंड्याला मी अशा वर्षी हातही लावत नाही. मी खर्च करताना दिसलो तर लोक ताडतील, म्हणून निम्मं नुकसान मुकाट सोसतो. असं करणारा ठसेकार दुसरा दाखवा.

१९ रबिलाखर

ससा मिळाला.

बघितल्याशिवाय मी कोरत नाही. शेजारच्या गावच्या नाण्यावर मोर आहे म्हणतात. मी पाहिला, ओली कोंबडी आहे. जनावर डोळ्यांसमोर हवं. मासा कोरायचा होता तेव्हा मी अठरा दिवस मशिदीच्या हौदावर बसलो होतो. उंटाच्या वेळी काफिल्यांच्या सराईत तीन दिवस उंटाच्या गुडघ्यांसमोर उभा होतो, आणि त्या उंटाचे गुडघे अजून लोक नाण्यावर बोट फिरवून बघतात.

ससा आमच्यात कोणी खात नाही, धर्माला चालत नाही. त्यामुळे शिकारी तो आणतही नाहीत. पण शिकारी पाखरं पाळणारा शाहवेर्दी आपल्या बहिरी ससाण्यांच्या खाद्यासाठी कधीमधी ससे पकडतो हे मला ठाऊक होतं. बाजारात त्याच्याकडे गेलो.

"जिवंत हवा," मी म्हटलं. "कान शाबूत."

"कशाला हो उस्ताद?"

"बायकोचे गुडघे दुखतात. सशाचं कातडं बांधलं की उतरतात."

"मग मेलेला देतो की. कातडं काढूनच देतो."

"जिवंतच हवा म्हणून सांगितलं ना!"

तो टोपली बांधू लागला. आजूबाजूला दहा-बाराच माणसं होती, तीही आपापल्या कामात असावीत, कारण एकदम शांत झाली होती. टोपलीवर मी स्वतःचा अंगरखा टाकला आणि आडवाटेने घरी आलो.

२५ रबिलाखर

सशाचं चित्र काढणं म्हणजे डोकेदुखी आहे. बसला की दगड, उठला की दिसत नाही. अंगणात जाळी लावून त्याला सोडलाय. आज पहिल्यांदा त्याने पुढचा एक पाय उचलून, कान मागे टाकून, मान जराशी वळवली. तेवढंच हवं होतं. कागदावर सहा रेघांत आलं.

या आठवड्यात घरी येणारे-जाणारे फार. गल्लीतल्या बायका शहरबानूकडे काही ना काही मागायला येतात, चाळण, विरजण, सुई, आणि अंगणातूनच जातात. समोरचा नानवाला हाजी गदाअली तर थेट जाळीपाशी उकिडवा बसला.

"काय खातो हो हा?"

"पाला."

"बरा पोसलाय. कातड्यासाठीच ना? मग गुडघे बरे होईपर्यंत त्याला गाजरं घालणार की काय?"

मी म्हटलं, "हाजी, तुमचं नान जळतंय." तो हसत हसत गेला. माणूस बोचरा आहे, पण पोटात काही नाही.

२ जमादिलावल

हाजी गदाअली बदलला. आज नान घ्यायला गेलो तर म्हणतो, "उस्ताद, चांदी असेल तर बरं." पाच नानांना चांदी? मी तांबंच पुढे केलं. त्याने ते असं उचललं की जणू मी त्याच्या हातावर विंचू ठेवला. म्हातारपणी माणसं चिक्कू होतात.

ससा काल शाहवेर्दीला परत दिला. कातड्याचं काय झालं ते त्याने विचारलं नाही, सुज्ञ माणूस.

६ जमादिलावल

शहरबानूने या वर्षी नवरोजची तयारी फारच लवकर काढली आहे. तांदूळ चार पोती, तुपाचे दोन बुधले, जमिनीवर अंथरायला नवा नमदा, वर्षाचं सरपण. मी म्हटलं, "लग्न आहे का कोणाचं?" ती म्हणाली, "पुढे महाग होईल." बायकांना बाजारभावाचं काय कळतं कोण जाणे, पण गहू खरोखरच महाग झालाय. तांब्यात पैसे दिले तर दीडपट भाव सांगतात. दुष्काळ नाही, टोळधाड नाही, आणि तरी महाग. व्यापाऱ्यांची हाव, दुसरं काय.

११ जमादिलावल

ठसा झाला. पोलादावर ससा बसलाय. उचललेला पाय, मागे गेलेले कान, आणि पोटाखाली गवताची तीन पाती. मेणावर उमटवून पाहिला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. सत्तावन्न वर्षांचा आहे मी. याच्याहून चांगलं माझ्या हातून आधी झालं नाही. खोटी नम्रता दाखवायला ही वही कोणी वाचणार नाहीये.

१२ जमादिलावल

आज यारअलीला सांगावं लागलं. चाचणीची नाणी ठोकायची तर घण कोणीतरी मारायलाच हवा, आणि माझ्या ठशावर बावीस वर्षं घण मारतो तो यारअलीच. मी वरचा ठसा धरतो, तो मारतो. बावीस वर्षांत माझ्या बोटांना एकदाही लागलं नाही. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून मोठा, आणि बोलत राहणार. घण वर गेला तरी याचं बोलणं चालू.

ससा बघून तो म्हणाला, "वा उस्ताद! हा पळतोय की काय?"

"कोणाकडे बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?" असं म्हणून तो उगाच हसला. चार नाणी ठोकली, मिर्झांना दाखवली आणि लगेच वितळवली.

१७ जमादिलावल

काहीतरी बिघडलंय. मिर्झा हिदायत आज चेहरा पाडून बसले होते. कराच्या कचेरीत तांब्याचा पूर आलाय. जे लोक नेहमी चांदीने कर भरतात ते पोती भरभरून तांबं आणतायत. दोन वर्षांची थकबाकी कोणी भरतंय, तर कोणी पुढच्या वर्षाचा कर आत्ताच. नवरोजपर्यंत तांबं पुऱ्या भावाने घेणं कचेरीला भागच आहे. म्हणजे नवरोजच्या सकाळी सगळं जुनं तांबं लोकांच्या घरात नसणार, खानाच्याच तिजोरीत असणार आणि तिथेच निम्मं होणार.

"कोणीतरी बोललंय," मिर्झा म्हणाले. "खानसाहेब म्हणतात, ज्याने गुपित फोडलं त्याचा हात तोडा."

"तोडायलाच हवा," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

२० जमादिलावल

दारोग्याच्या कचेरीत जबाब झाला. यारअलीवर संशय आहे. त्याची बायको गुलचेहरा हिने एका दिवसात वर्षाचा गहू घेतला आणि घराचं सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं, सगळं तांब्यात. टांकसाळीतल्या माणसाच्या घरचं कोणी असं करतं?

दारोग्याने विचारलं, "यारअलीला बातमी कधी कळली?"

"बारा तारखेला. माझ्याकडूनच."

कारकुनाने मान वर केली. "पण तांबं तर महिन्याच्या दुसऱ्या तारखेपासून येतंय. आणि त्या बाईने गहू घेतला चार तारखेला."

"अंदाज बांधला असेल त्याने. बावीस वर्षं माझ्याजवळ आहे."

दारोगा म्हणाला, "बरोबर आहे," आणि पुढे यारअलीबद्दल आणखी विचारलं. विचारलं तेवढ्याला मी उत्तरं दिली. खरं तेवढंच सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं, खाली मी माझा शिक्का उमटवला. शिक्का मीच कोरलेला आहे, चांगला उमटला.

२२ जमादिलावल

यारअलीला धरलं. टांकसाळीत घण तसाच आडवा पडून आहे.

पहारेकरी सांगत होता, तळपायांवर फटके चालू आहेत. कोणाला सांगितलंस, किती पैसे घेतलेस, एवढंच विचारतात. तो काही बोलत नाही. ज्याचं तोंड बावीस वर्षांत मिटलं नाही तो आत्ता मिटून बसलाय, म्हणजे काहीतरी लपवतोय हे उघड आहे.

वाईट वाटतंय. पण चूक ती चूक.

२५ जमादिलावल

दवंडी झाली. नवरोजच्या आधीच्या गुरुवारी चौकात यारअलीचा उजवा हात तोडणार.

गल्लीत दवंडी ऐकायला सगळे उंबऱ्यावर आले होते. कोणी काही बोललं नाही. हाजी गदाअली माझ्याकडे बघून चटकन आत गेला. आमच्या गावचे लोक तसे हळवे आहेत.

२६ जमादिलावल

सुलट लिहायला आज जड जातंय. तरी जसं घडलं तसं लिहितो.

चार काझबेगी दिल्या की पहारेकरी कैद्याला मलम पोचवतो, असं कळलं. यारअली गुन्हेगार असला म्हणून काय झालं, बावीस वर्षांचा संबंध आहे. दुपारी घरात आलो आणि नियम मोडून हंड्याचं झाकण काढलं. आत मावळत्या वर्षाचे उंट, म्हणजे चालू काझबेगी, गळ्यापर्यंत असायला हवे होते. तळाशी अकरा होते.

"शहरबानू! अगं, चोरी झाली!"

ती ओट्यावर मसूर निवडत होती. "चोरी कसली? मीच खर्च केले."

"सगळे?"

"अकरा ठेवलेत. हंडा हलवला तर वाजायला नको?"

"कधी खर्च केलेस?"

"तुम्ही ससा आणलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मी खाली बसलो. म्हटलं, "तुला कसं कळलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, थट्टा करतोय की काय असं. "अहो, या गावात ससा कोणी खात नाही, पाळत नाही, विकत घेत नाही. टांकसाळीचा ठसेकार भर बाजारात जातो आणि म्हणतो, जिवंत द्या, कान शाबूत द्या. आणखी कसं कळायचं असतं?"

"मी कातड्यासाठी म्हणून सांगितलं होतं."

"माझ्या गुडघ्यांसाठी. हो, ऐकलं. अख्ख्या गावाने येऊन माझे गुडघे विचारले."

"आणि गेल्या वेळी?"

"गेल्या वेळी तीन दिवस उंटासमोर उभे होतात. त्याआधी हौदावर मासे बघत बसला होतात. त्याआधी बदक. तेव्हा तुम्ही ओढ्यात पडलात, आठवतंय? काठावर ती एवढी माणसं जमली होती ती काय तुम्हाला काढायला? कोणत्या पाखराकडे बघताय ते बघायला आली होती."

"पण हंडा दर वर्षी भरलेला असतो!"

"नवरोज झाला की मी नव्या नाण्यांनी भरते. तुम्ही कुठे उघडता? नुकसान सोसलं म्हणून दोन दिवस खुशीत असता. ते कशाला मोडायचं?"

मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते सुचत नव्हतं. मग एकदम दुसरंच लक्षात आलं. "म्हणजे यारअलीने कोणाला काहीच सांगितलं नाही."

"तो बिचारा काय सांगणार? त्याला तुम्ही सांगता तोवर गावातल्या आंधळ्यालाही माहीत झालेलं असतं."

"मग गाव गप्प का? एकाने जरी जाऊन दारोग्याला सांगितलं तरी तो सुटेल."

ती मसुरातला खडा शोधत राहिली. "सांगितलं तर पुढच्या वेळी तुम्हाला जनावर बघायला बाहेर सोडतील का?"

मी म्हटलं, "आणि तू? तू का गप्प?"

तेव्हा तिचा हात थांबला. "मी बोलले असते तर त्याच्या जागी तुमचा हात असता. म्हणून गप्प बसले. लाज वाटते मला. गुलचेहरा समोरून आली की मी गल्ली बदलते. पण पुन्हा विचारलंत तरी गप्पच बसेन."

मी अकरा काझबेगी घेतल्या आणि सगळ्या पहारेकऱ्याला देऊन आलो.

२९ जमादिलावल

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते मला लिहायचं नव्हतं. आता लिहितो. मी दारोग्याकडे दोनदा गेलो आणि दोनदा दारातून परत आलो. उजवा हात मी कधी इतका वेळ बघितला नव्हता. अंगठ्याशी कोरणीचा घट्टा, करंगळीवर पोलादाची जुनी जखम. मी भित्रा आहे. हे मला आधी माहीत नव्हतं, कारण आधी कधी गरज पडली नव्हती.

आज दारोगा सोडून मिर्झा हिदायत यांच्याकडे गेलो. म्हटलं, "मिर्झा, गुपित कसं फुटलं ते मला कळलंय."

त्यांनी हात वर केला. "उस्ताद, सांगू नका. सांगितलंत तर मला ऐकावं लागेल, आणि ऐकलं तर लिहावं लागेल."

"तुम्हाला माहीत आहे?"

"माझ्या बायकोने गालिचा घेतला," ते म्हणाले. "तांब्यात."

नोकर हुक्का ठेवून गेला. मग मी विचारलं, "तिजोरीत जुनं तांबं किती जमलंय?"

"विचारू नका. झोप लागत नाही मला. नवरोजला त्याचं निम्मं उडणार. खानसाहेब आज यारअलीवर चिडलेत. आकडा बघितला की माझ्यावर चिडतील."

"नाणं बदललंच नाही तर?"

"हुकूम झालाय. खान हुकूम मागे घेत नाहीत."

"त्यांनी घेऊच नये. पण ठसाच नसेल तर?"

मिर्झांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. "ठसा आहे ना. मी स्वतः बघितलाय."

"पोलाद आहे. शेवटचं पाणी देताना तडकतं कधीकधी. दुसरा कोरायला मला वीस दिवस लागतात. नवरोजला दहा उरलेत. उंट आणखी एक वर्ष चालेल. तिजोरीतलं तांबं पुऱ्या किमतीचं राहील. आणि नाणं बदललंच नाही, तर यारअलीने फोडलं काय?"

ते माझ्याकडे बघत होते. "पाणी देताना ठसा तडकला तर दोष ठसेकाराचा असतो."

"हो."

"चार गावांत बभ्रा होईल. उस्ताद नजफकुलीला पोलादाला पाणी देता येत नाही म्हणून."

"होऊ दे."

"आणि दंड. वर्षाचा पगार, कमीत कमी."

"होऊ दे म्हटलं ना!" माझा आवाज चढला. त्यांनी राग मानला नाही. उठून त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि बाहेरच्या कारकुनाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बरं उस्ताद, उद्या ठशाला शेवटचं पाणी द्या. जपून."

३० जमादिलावल

भट्टी पेटवली. पोलाद गडद लाल झालं की काढायचं असतं. मी लाल होऊ दिलं, मग नारिंगी, मग पांढरं. आयुष्यभर ज्या रंगाला घाबरलो तो रंग आज मुद्दाम वाट बघून आणला. चिमट्याने उचलला आणि बर्फाच्या पाण्यात टाकला.

आवाज फार मोठा झाला नाही. तडा कानापासून पोटापर्यंत गेला.

मिर्झा आले, दोन साक्षीदार आले, कारकुनाने लिहून घेतलं. सगळ्यांसमोर मिर्झा मला खूप बोलले. तेव्हा मी रडत होतो. साक्षीदारांना वाटलं बोलण्यामुळे. ससा गेला म्हणून रडत होतो, दुसरं काही नाही.

४ जमादिलाखर

दोन दिवस खान काय म्हणतात याची वाट बघितली. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी माझ्या नावाने भांडं फेकलं. दुसऱ्या दिवशी मिर्झांनी तिजोरीचा आकडा पुढे ठेवला तेव्हा शांत झाले. मला वर्षाच्या पगाराचा दंड. यारअलीला आज संध्याकाळी सोडलं. दारोग्याने लिहिलं: गुपित असल्याचं आढळत नाही, सबब ते फुटल्याचंही आढळत नाही.

त्याला खाटेवर घालून घरी नेलं. चालता येत नाही.

९ जमादिलाखर, नवरोज

सकाळी चौकात सगळं गाव नवे कपडे घालून उभं होतं. नगारा झाला. दवंडीवाल्याने सांगितलं, तांब्याचं नाणं आहे तेच राहील, उंट चालू. क्षणभर कोणाला कळेना. मग कळलं. ज्यांनी दीडपट भावाने गहू घेतला होता, पुढच्या वर्षाचा कर भरून टाकला होता, घरात गालिचे आणि नमदे रचले होते, ते सगळे एकदम माझ्याकडे वळले. आजच्या दिवशी एकमेकांना गोड बोलायचं असतं, म्हणून वाचलो.

हाजी गदाअली नमस्कार न करता जवळ आला. "उस्ताद, तुम्ही गावाला बुडवलंत."

"मी काय केलं?"

"ससा आणलात!"

"मी बायकोच्या गुडघ्यांसाठी आणला होता," मी म्हटलं.

तो एक पाऊल मागे सरला. यापुढे काही बोलायचं तर यारअलीच्या हाताबद्दल आपण गप्प का होतो ते सांगावं लागलं असतं. गर्दीत पुढे-मागे जे ऐकत होते त्यांनीही नजर दुसरीकडे वळवली. घरी येताना मला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी वाटत होतं की मी हिशेब चुकता केला.

१२ जमादिलाखर

नवरोजला लहानांनी मोठ्यांकडे जायचं असतं. यारअली माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो येऊ शकत नाही म्हणून मीच गेलो. शहरबानूने तांदळाचं पोतं पाठवलं, ती स्वतः आली नाही.

तो भिंतीला टेकून बसला होता. पाय फडक्यात गुंडाळलेले, लोडावर ठेवलेले. वैद्य म्हणतो शरद ऋतूपर्यंत उभं राहता येईल, घण मारता येईल की नाही ते सांगता येत नाही. मला बघून त्याचा चेहरा फुलला, नेहमीसारखा. "या उस्ताद! ठसा फोडलात म्हणे. मला वाटलं नव्हतं तुमच्याच्याने होईल."

गुलचेहराने सरबत आणून दिलं आणि दारातच उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. "सशाचं?"

"कोणाला नव्हतं?"

"मग तिथे बोलला का नाहीस? माझं नाव घेतलं असतंस तर पहिल्याच दिवशी सुटला असतास."

तो हसला. "आणि तुमचा हात गेला असता. मग मी घण मारायचा कशावर? दुसऱ्या कोणाच्या ठशावर? तो शेजारच्या गावचा मोर बघितलाय मी."

इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की दोन्ही वेगळं करता येईना. एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि न विचारताही परत आलो असतो तर चाललं असतं. पण विचारलं. "यारअली, मी जबाब दिला होता. ते तुला कळलं का?"

"कळलं की. दर दहा फटक्यांनंतर थांबायचे आणि कारकून वाचून दाखवायचा. मग पुढचे दहा." तो माझ्याकडे रागाने बघत नव्हता. "पाठ झालाय."

"मी खरं तेवढंच..."

त्याने डोळे मिटले आणि कारकुनाच्या आवाजात, एका सुरात म्हणू लागला. "मी नजफकुली, खुदादादचा मुलगा, टांकसाळीचा ठसेकार, शपथेवर सांगतो. सदर यारअलीला मी बावीस वर्षं ओळखतो. तोंडाचा सैल आहे. दारू पितो. घरात खाणारी नऊ माणसं आहेत आणि चार पैशांसाठी तो काहीही करील. घण मारण्यापलीकडे त्याला अक्कल नाही. त्याला काढून टाकावं असं मी पूर्वीही अनेकदा मनात आणलं होतं, दयेपोटी ठेवला. माझा त्याच्यावर कधीही..."

तिथे तो अडखळला. भुवया आक्रसून आठवू लागला.

"भरवसा," दारातून गुलचेहरा म्हणाली.

"हां. कधीही भरवसा नव्हता. तारीख, शिक्का."

बाहेर कोणीतरी गाढव हाकत होतं. मी सरबत संपवलं. ते अर्धं टाकून उठणं बरं दिसलं नसतं.